स्टिरिओचा जनक ॲलन ब्लुमलाइन, आणि १५ हजारांतली माझी पहिली हाय-फाय सिस्टिम

दर वेळी आपण एखादं फीचर किंवा गॅजेट समजून घेतो. आज मात्र मी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. हा माणूस १९४२ साली गेला, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी. पण तुमच्या इअरबड्सना डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज का लागतात, याचं उत्तर शोधताना तुम्ही त्याच्यापाशीच येऊन पोहोचता. मी तर त्याच्यामुळे साडेतीन हजार रुपये जास्त खर्च केले, आणि त्याचा मला अजिबात पस्तावा नाही!

सुरुवात झाली बाबांपासून. बाबांना शास्त्रीय संगीताचं वेड. पूर्वी ते दरवर्षी सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे, तासनतास मांडी घालून बसायचे. आता गुडघे साथ देत नाहीत. म्हणून गेल्या दिवाळीत मी माझ्या फोनवर त्यांना एका मैफलीचं रेकॉर्डिंग लावून दिलं. पाच मिनिटं ऐकून त्यांनी फोन परत दिला. गाणं छान आहे, पण गवई, तबलजी आणि पेटीवाला सगळे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे वाटतात, अशी त्यांची तक्रार होती.

मी ठरवलं, बोनस आलाय, तर १५,००० रुपयांत बाबांसाठी खरीखुरी हाय-फाय सिस्टिम जमवायची. एकाच डब्यात सगळं कोंबलेली नाही, तर सुटी: गाणं वाजवणारं यंत्र वेगळं, ॲम्प्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे. फायदा साधा आहे. यातली कुठलीही एक वस्तू पुढे बदलता येते, बाकीचं तसंच चालतं.

एका शोरूममध्ये गेलो तर तिथल्या पोरानं ४००० वॅट पीएमपीओ लिहिलेला, निळे दिवे लुकलुकणारा टॉवर दाखवला. (मित्रांनो, पीएमपीओ हा आकडा बघून कधीच काही विकत घेऊ नका. तो क्षणभराच्या काल्पनिक ताकदीचा असतो. आरएमएस किती, ते विचारा.) टॉवर दणदणीत वाजत होता. पण तबला कुठे आणि पेटी कुठे, हे त्यातही कळेना. आवाज मोठा झाला होता, माणसं अजून मांडीवरच होती. घरी येऊन मी स्टिरिओ म्हणजे नक्की काय, ते वाचायला लागलो, आणि ॲलन ब्लुमलाइन भेटला.

बेल दुरुस्तीचं बिल

ॲलन डावर ब्लुमलाइनचा जन्म २९ जून १९०३ ला लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील मूळचे जर्मन, खाणकामातले इंजिनिअर. आई स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी, दक्षिण आफ्रिकेत वाढलेली. घरात एक किस्सा नेहमी सांगितला जायचा. सात वर्षांच्या ॲलननं घराच्या दाराची बेल दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिलं. खाली आपलं नाव, आणि पुढे हुद्दा: इलेक्ट्रिकल इंजिनिअर!

गंमत म्हणजे वाचन मात्र त्याला बराच काळ नीट जमत नव्हतं. त्याच्या बहिणीच्या सांगण्याप्रमाणे बारा वर्षांचा होईपर्यंत तो अडखळतच वाचायचा. गणित मात्र पुढे धावत होतं. पुढे लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात त्याला स्कॉलरशिप मिळाली, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला आणि तो पहिल्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडला.

टेलिफोनच्या तारा

१९२४ मध्ये तो टेलिफोनच्या कंपनीत लागला. तेव्हा देशादेशांना जोडणाऱ्या लांबलचक टेलिफोन लाइन्स टाकल्या जात होत्या आणि त्यात एक जुनाट दुखणं होतं. एका लाइनवरचं बोलणं शेजारच्या लाइनवर ऐकू यायचं. आपल्याकडे लँडलाइनच्या काळात क्रॉस कनेक्शन लागायचं, ते आईबाबांना विचारा. हे त्याच जातीचं, पण सतत चालू असलेलं.

याचं मूळ होतं असमतोलात. टेलिफोनच्या जोडीतल्या दोन तारा विजेच्या दृष्टीनं तंतोतंत सारख्या असतील तर बाहेरून शिरलेला आवाज दोन्हींत सारखा येतो आणि एकमेकांना खोडून टाकतो. तारा थोड्या जरी वेगळ्या असल्या तर तो पूर्ण खोडला जात नाही, उरलेला ऐकू येतो. ब्लुमलाइननं हा बारीकसा असमतोल मोजणारं एक नवं सर्किट शोधलं आणि लाइनमधली ही गळती कमी करण्यावर काम केलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. दोन बाजू आधी तंतोतंत सारख्या करा, मग त्यांच्यातला फरक वाचा. माझ्या मते या माणसाचं निम्मं आयुष्य या एका विचारात मावतं. आणि माझी सगळी खरेदीही.

रॉयल्टी वाचवणारं यंत्र

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. तिथे त्याचे साहेब होते आयझॅक शोनबर्ग. पहिलंच काम बजेटचं निघालं! तेव्हा रेकॉर्ड कापायची जी इलेक्ट्रिक पद्धत होती, तिची पेटंट अमेरिकन कंपनीकडे होती. कोलंबिया जितक्या रेकॉर्ड विकणार, तितकी रॉयल्टी बाहेर जाणार. शोनबर्गना पेटंट न मोडता काम करणारं नवं यंत्र हवं होतं.

ब्लुमलाइननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते बनवून दाखवलं. जुन्या यंत्रात लोखंडाचा तुकडा हलायचा. यांनी चुंबकाच्या मधोमध तारेचं वेटोळं ठेवलं आणि ते हलवलं. तुमच्या कुठल्याही स्पीकरच्या कागदी शंकूमागे आजही हेच असतं: चुंबक आणि वेटोळं. रॉयल्टी वाचली, आणि आवाजही जास्त स्वच्छ आला.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र आल्या आणि ईएमआय तयार झाली. ग्रामोफोन कंपनी म्हणजे एचएमव्ही, आजोबांच्या रेकॉर्डवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असायचा ना, तीच.

सिनेमा हॉलमधला प्रश्न

त्याच साली एकदा ॲलन त्याच्या मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेला होता. तिचं नाव डोरीन, पुढे १९३३ मध्ये त्यांनी लग्न केलं. बोलपट नवे होते आणि पडद्यामागे आवाजाची जागा एकच. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून. ॲलनला ते खटकलं. नट चालेल तसा त्याचा आवाजही चालायला हवा आणि ते कसं करायचं हे आपल्याला सापडलंय, असं त्यानं डोरीनला सांगितलं, अशी ही गोष्ट सांगतात.

बाबांची तक्रार आणि ही तक्रार एकच आहे, हे मला इथे कळलं.

आता थोडं विज्ञान बघू, सोपं आहे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात आधी पोहोचतो, उजव्या कानात किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त किती? सेकंदाचे दीड हजार भाग केले तर साधारण त्यातला एक. एवढ्याशा फरकावरून आपला मेंदू डोळे मिटूनही सांगतो की आवाज कुठून आला.

मग कोणी म्हणेल, दोन माइक कानांसारखे लांब ठेवा आणि दोन स्पीकरवर वाजवा, झालं काम. पण नाही! हेडफोनवर ते चालतं, कारण तिथे डाव्या कानाला फक्त डावा आवाज मिळतो. खोलीत मात्र दोन्ही स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतात, सगळा खेळ बिघडतो. ब्लुमलाइनला हे पहिल्यापासून दिसलं होतं. त्याचा एक उपाय असा: दोन सारखे माइक अगदी एकाच जागी ठेवायचे, एक ४५ अंश डावीकडे वळवलेला, दुसरा ४५ अंश उजवीकडे. दोन्हींत आवाज एकाच वेळी पोहोचतो, फक्त लहानमोठा होतो. हा लहानमोठेपणा दोन स्पीकरमधून खोलीत आला की दोन्ही स्पीकरचे आवाज प्रत्येक कानापाशी एकमेकांत मिसळतात आणि कानांना हवा असलेला वेळेचा फरक आपोआप पुन्हा तयार होतो. माइकच्या या जोडीला आजही ब्लुमलाइन पेअर म्हणतात आणि साउंड इंजिनिअर ती आजही वापरतात.

एका खाचेत दोन आवाज

१४ डिसेंबर १९३१ ला त्यानं पेटंटचा अर्ज केला. १९३३ मध्ये तो मान्य झाला: ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५. त्यात एकूण ७० दावे होते. माइक कसे ठेवायचे, सिग्नल कसे मिसळायचे, सिनेमात कसं वापरायचं, सगळं एकाच कागदपत्रात. स्टिरिओ हा शब्द मात्र तो वापरत नसे, त्याचा शब्द होता बायनॉरल, म्हणजे दोन कानांचा.

त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग रेकॉर्डच्या खाचेचा. रेकॉर्डवर खाच एकच, सुई एकच, आणि आवाज दोन. कसे बसवणार? त्यानं खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात ठेवल्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. एका भिंतीवर डावा आवाज, दुसऱ्या भिंतीवर उजवा. दोन्हीकडे सारखाच आवाज असेल तर सुई आडवी हलते. दोघांत फरक असेल तेवढीच ती वरखाली होते. म्हणजे पुन्हा तेच: आडवी हालचाल म्हणजे बेरीज, उभी हालचाल म्हणजे फरक.

प्रयोगही झाले. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम घेत होते, तेव्हा ब्लुमलाइनच्या टीमनं ती दोन चॅनेलमध्ये नोंदवली. १९३५ मध्ये हेज इथे छोट्या फिल्म बनवल्या. एकीत माणसं चालताबोलता पडद्यावर इकडून तिकडे जातात आणि आवाज त्यांच्याबरोबर जातो. दुसरीत हेज स्टेशनवरून आगगाड्या धडधडत जातात.

कंपनीनं बाजूला ठेवलं

मग झालं असं की काहीच झालं नाही. कंपनीला त्यातून धंदा दिसेना. पैसा आणि माणसं टीव्हीकडे वळली, ब्लुमलाइनसुद्धा. तो रुसून बसला नाही. ईएमआयच्या ज्या टीमनं ४०५ रेषांचा टीव्ही तयार केला, तिच्या कण्यासारखा तो होता. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीनं लंडनमधून नियमित टीव्ही सुरू केला आणि काही महिन्यांतच बेअर्डची प्रतिस्पर्धी पद्धत बाजूला सारून हीच कायम केली.

त्याच काळात त्यानं एक सर्किट बनवलं, लाँग-टेल्ड पेअर नावाचं. दोन अगदी सारखे व्हॉल्व्ह घेऊन त्यांच्या शेपट्या एकत्र बांधायच्या. दोघांकडे जे सारखं येतं ते दाबलं जातं, फक्त फरक वाढवला जातो. टेलिफोनच्या तारांची आठवण आली ना? आज व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आलेत, पण बहुतेक हाय-फाय ॲम्प्लिफायरच्या अगदी पहिल्या टप्प्यात ही जोडी बसलेली असते. १५ हजारांच्या बजेटमधल्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्येसुद्धा.

७ जून १९४२

युद्ध सुरू झालं आणि त्याचं काम रडारकडे गेलं. एचटूएस नावाचं एक रडार बनत होतं. विमानात बसवलं की अंधारात आणि ढगांतूनही खालच्या जमिनीचा नकाशा पडद्यावर दिसायचा. उपयोग सरळ होता: बॉम्बफेकी विमानांना शहरं सापडावीत म्हणून. स्टिरिओ देणारा माणूस शेवटी या कामावर होता, हेही आपण विसरू नये.

७ जून १९४२ ला हे रडार तपासायला हॅलिफॅक्स जातीचं विमान उडालं. आत ब्लुमलाइन होता, ईएमआयमधले त्याचे दोन सहकारी होते, एकूण ११ जण. हवेत एका इंजिनानं पेट घेतला आणि इंग्लंड-वेल्सच्या सीमेजवळ वेल्श बिकनरपाशी विमान कोसळलं. कोणीच वाचलं नाही. नंतर तपासात निघालं की इंजिनातला एक छोटा नट नीट आवळलेलाच नव्हता.

डोरीनच्या पदरी दोन लहान मुलगे होते. प्रकल्प गुप्त असल्यामुळे या मृत्यूची जाहीर वाच्यतासुद्धा झाली नाही. १२८ पेटंट नावावर असलेला माणूस गुपचूप गेला.

दुकानात स्टिरिओ रेकॉर्ड मिळायला लागल्या १९५८ च्या सुमारास. त्यांची खाच होती काटकोनातली, त्याच्या पेटंटमधल्यासारखीच. तोवर पेटंटची मुदत संपून गेली होती. मोठा सन्मान यायला तर २०१७ उजाडलं, तेव्हा त्याला टेक्निकल ग्रॅमी मिळालं. विचार करा, दुकानातून स्टिरिओ रेकॉर्ड विकत आणून घरी ऐकायचं सुख स्टिरिओ शोधणाऱ्याला मिळालंच नाही.

मग मी काय विकत घेतलं?

हे सगळं डोक्यात घेऊन मी जुन्या ऑडिओ वस्तूंच्या एका दुकानात गेलो. नव्या मालात १५,००० पुरणार नव्हते.

ॲम्प्लिफायर ५,००० ला मिळाला, दोन चॅनेलचा, साधा. घेताना दोन गोष्टी बघितल्या. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का? आणि गाणं बंद असताना स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो का?

स्पीकरपाशी मात्र परीक्षा झाली. दुकानदारानं एक जोडी ४,५०० ला देऊ केली. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, पण एकाचा मोठा ड्रायव्हर बदललेला. दुसरी अख्खी जोडी ८,००० ला. साडेतीन हजार वाचवून मोठा ॲम्प्लिफायर घ्यावा, असा दुकानदाराचा सल्ला. मोह झालाच!

मग मी फोन काढला. ही युक्ती तुम्हीही लिहून ठेवा. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ नावाचं बटण असतं. ते चालू केलं की डावीकडे आणि उजवीकडे अगदी एकच सिग्नल जातो. आता दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये समोर उभे राहा आणि एखाद्याचं नुसतं बोलणं लावा. दोन्ही स्पीकर सारखे असतील तर आवाज मधल्या रिकाम्या जागेतून येतो, जणू तिथे माणूस उभा आहे. स्वस्त जोडीवर तो माणूस एका बाजूला सरकला आणि पसरट झाला. ८,००० च्या जोडीवर तो मधोमध उभा राहिला.

दोन बाजू सारख्या नसतील तर फरक वाचताच येत नाही. मी ८,००० मोजले.

बाकी हिशोब छोटा. फोनला हेडफोनचं छिद्र नाही, म्हणून डॅक असलेला यूएसबी-सी डोंगल ९००. केबल आणि स्पीकरची वायर ६००. एकूण १४,५००. उरलेल्या ५०० त रिक्षा आणि वडापाव.

जोडताना एक काळजी घ्या. ॲम्प्लिफायरचं लाल टोक स्पीकरच्या लालला, काळं काळ्याला. एका बाजूला उलटं झालं तर एक शंकू पुढे जाताना दुसरा मागे जातो, खर्ज गायब होतो आणि मधला माणूस विरघळून जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फुकट आहे: जागा. दोन स्पीकर आणि ऐकणारा, असा समभुज त्रिकोण करा. आमच्याकडे प्रत्येक बाजू दोन मीटर झाली. छोटा ड्रायव्हर कानाच्या उंचीवर, स्पीकर मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे. स्टँडला पैसे नव्हते, म्हणून दोन सारखे स्टूल शोधले. आणि मोनो ऑडिओ परत बंद करायला विसरू नका, मी विसरलो होतो!

रविवारी सकाळी बाबांना खुर्चीवर बसवलं आणि तेच रेकॉर्डिंग लावलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डोळे मिटूनच त्यांनी एका हातानं तबल्याची जागा दाखवली, दुसऱ्या हातानं पेटीची. मधोमध गवई. तिथे आमची रिकामी भिंत आहे आणि कॅलेंडर.

गाणं संपल्यावर त्यांनी खुर्ची अर्धा फूट पुढे ओढली, मैफलीत जागा मिळाली की पुढे सरकावं तशी, आणि मला दुसरं लावायला सांगितलं.

तर मित्रांनो, पहिली सिस्टिम घेताना वॅट आणि दिवे नंतर बघा. आधी फोनमधलं ते मोनोचं बटण चालू करा आणि मधल्या रिकाम्या जागेत माणूस उभा राहतो का, ते ऐका. भेटू पुढच्या लेखात!